टर्नरने न पाहिलेला खडक

पाय जपून टाका, शेवाळ निसरडं आहे. आज २ सप्टेंबर १८०७. स्कॉटलंडच्या आर्ब्रोथपासून अकरा मैल आत, भर समुद्रातल्या बेल रॉकवर तुम्ही उभे आहात. ओहोटीला काही तासच हा खडक वर येतो. तेवढ्यात दीपस्तंभाचं काम उरकायचं. टिकावांचे घाव पडतायत, बोथट झालेल्या टिकावांसाठी लोहाराची भट्टीही इथेच पेटली आहे.

समुद्राकडे पाहा. 'स्मीटन' जहाज नांगरावरून सुटून दूर वाहत चाललंय. हे आधी कळलं ते कामावरचा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सनला, आणि आता तुम्हाला. खडकावर ३२ माणसं, होड्या दोनच. त्यांत सगळे मावणार नाहीत.

भरती चढते. भट्टी विझते. हत्यारं आवरून माणसं होड्यांपाशी येतात, पाहतात आणि गप्प होतात. सगळ्यांची नजर स्टीव्हन्सनवर. तो बोलायला जातो, पण तोंडाला कोरड पडलेली. शब्द फुटत नाही. वाकून तो डबक्यातलं खारं पाणी पितो. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "होडी! होडी आली!" आर्ब्रोथचा जेम्स स्पिंक पत्रं पोचवायला निघाला होता. केवळ म्हणून ही माणसं वाचली.

दुसऱ्या सकाळी बरेच जण खडकावर जायला तयार झाले नाहीत. थोडे गेले. माझं मन त्या थोड्यांपाशीच अडतं.

आता पुढे या. १ फेब्रुवारी १८११ च्या रात्री दिवा पहिल्यांदा पेटला: एकदा तांबडा, एकदा पांढरा. आणखी पुढे, १८१९. स्टीव्हन्सनच्या या दीपस्तंभावरच्या ग्रंथासाठी चित्रकार टर्नर जलरंगात हा स्तंभ रंगवतोय. खडकावर तो गेलेलाच नाही. तरीही त्याचा हात बघा: लाटेचा फेस दाखवायला तो कागदच खरवडतो, आतला शुभ्रपणा बाहेर येतो. समुद्र खवळलेला, स्तंभ ताठ. वादळ इतकं खरं उतरलंय, की खडकावर न गेल्याची उणीव मला जाणवत नाही.

फक्त तळ फेसात झाकला गेलाय, आणि मला तोच पाहायचा आहे. तिथला एकेक दगड आर्ब्रोथच्या आवारात घडवून, आधी जमिनीवर जुळवून पाहिलेला. शेजारच्या दगडात खाचेने अडकवलेला, ओकच्या खुंट्यांनी खालच्या थराशी जखडलेला. खालचे सुमारे ३० फूट तर आतून पूर्ण भरीव. १९८८ पासून आत कुणी राहत नाही, पण दगड तेच आहेत, आणि दिवा अजून लागतो.