दृष्टिनियंत्रण, क्रीडाक्षेत्रातील

खेळताना आपली दृष्टी कोठे, केव्हा आणि किती काळ स्थिर ठेवावयाची यावर खेळाडूचा जो ताबा असतो, त्यास दृष्टिनियंत्रण म्हणतात. अवधानाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तथापि दोन्ही एक नव्हेत. डोळे एका वस्तूवर खिळलेले असताना मन अन्यत्र असू शकते. उलटपक्षी, दृष्टी न वळविताही कडेच्या हालचालीकडे लक्ष देता येते. नेमबाजी, धनुर्विद्या, क्रिकेट, बास्केटबॉल, कबड्डी इ. खेळांतील यशापयश बऱ्याच अंशी या दोहोंच्या मेळावर अवलंबून असते. स्पर्धेच्या दडपणाखाली केवळ हातच नव्हे, तर दृष्टीही ढळते आणि ती स्थिर राखण्याचे शिक्षण देता येते, हा या विषयाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

शारीरिक आधार : डोळ्याच्या जालपटलाचा फार लहान मध्यभागच बारीक तपशील स्पष्टपणे टिपू शकतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढेच हे क्षेत्र भरते. त्याबाहेरील भागास हालचाल चटकन जाणवते. परंतु तपशील अस्पष्ट दिसतो. म्हणून डोळा सतत एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर झेप घेतो व मध्ये काही काळ स्थिरावतो. झेपेच्या क्षणी स्पष्ट असे काहीच दिसत नाही. उपयुक्त माहिती मिळते ती मुख्यतः स्थिरावण्याच्या काळात. नित्याच्या पाहण्यात अशा झेपा सेकंदास सुमारे तीन होतात. खेळाडूपुढील प्रश्न असा की, मोजक्या वेळात मिळणारे हे थोडे स्थिर क्षण कोणत्या स्थानी खर्च करावयाचे.

प्राचीन जाणीव : नेमबाजीतील एकाग्रतेचे महत्त्व भारतीय परंपरेस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. महाभारताच्या आदिपर्वातील द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा सर्वश्रुत आहे. झाडावर ठेवलेल्या कृत्रिम पक्ष्याकडे पाहताना इतर शिष्यांना झाड, गुरू आणि बांधव असे सर्वच दिसत होते. अर्जुनास मात्र केवळ लक्ष्य दिसत होते. बाण सोडण्यापूर्वी काय दिसते आणि काय दिसेनासे होते, यावर कौशल्य पारखण्याची ही कल्पना लक्षणीय आहे. या अनुभवाचे मोजमाप करण्याची साधने उपलब्ध होण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

वैज्ञानिक अभ्यासाचा आरंभ : फ्रेंच नेत्रवैद्य एमिल झाव्हाल यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास वाचनाच्या वेळच्या नेत्रहालचालींचा अभ्यास झाला आणि डोळे ओळीवरून सलग न सरकता टप्प्याटप्प्याने पुढे जातात, असे दिसून आले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी १९०१ साली एका सहकाऱ्यासमवेत डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्रण करून हालचालींची वेगमापने प्रसिद्ध केली. पुढे रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी एकच चित्र पाहताना प्रेक्षकास निरनिराळे प्रश्न विचारले असता त्याच्या दृष्टीचा मार्गही बदलतो, हे दाखवून दिले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६७ साली प्रसिद्ध झाले. डोळा वस्तूच्या ओढीने फिरत नसून कार्याच्या गरजेने फिरतो, हे तत्त्व क्रीडा-संशोधनाचा पाया ठरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोक्यावर बसविता येणारी नेत्रमापक उपकरणे तयार झाली आणि हा अभ्यास प्रयोगशाळेतून मैदानावर आला.

चेंडूचे खेळ : ‘चेंडूवरची नजर काढू नकोस’ हा उपदेश प्रत्येक क्रिकेट-प्रशिक्षक करतो. अक्षरशः तो पाळणे मात्र वेगवान गोलंदाजीपुढे शक्य नसते. ताशी १४० किमी. वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. बेसबॉलमधील फलंदाजांची दृष्टी फटक्याच्या क्षणापर्यंत चेंडूबरोबर राहत नाही, हे अमेरिकेत १९५४ मध्येच आढळले होते. क्रिकेटसंबंधी मायकेल लँड व पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. चेंडू सुटताना फलंदाज त्याच्याकडे पाहतो. नंतर त्याची दृष्टी चेंडूस मागे टाकून टप्पा पडण्याच्या अपेक्षित जागी झेप घेते आणि तेथे चेंडूची वाट पाहते. कुशल फलंदाजाची ही झेप नवशिक्याच्या झेपेपेक्षा लवकर घडते. म्हणजे कसलेल्या फलंदाजाचे वैशिष्ट्य चेंडूचा पाठलाग करण्यात नसून, त्याच्या आधी योग्य ठिकाणी पोहोचण्यात आहे. गोलंदाजाच्या पाठीमागे उभारण्यात येणारा दृष्टिपडदा याच पहिल्या महत्त्वाच्या क्षणाची सोय करतो.

स्थिरदृष्टीची संकल्पना : कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठातील जोन व्हिकर्स यांनी १९९२ साली गोल्फमधील आणि १९९६ साली बास्केटबॉलमधील मुक्तफेकीच्या वेळच्या दृष्टीचे अभ्यास प्रसिद्ध केले. निर्णायक हालचाल सुरू होण्यापूर्वी लक्ष्यावर जी अखेरची दृष्टी स्थिरावते, ती तरबेज खेळाडूत लवकर सुरू होते व अधिक काळ टिकते, असे त्यांना आढळले. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा आशय मराठीत ‘स्थिरदृष्टी’ या शब्दाने व्यक्त करता येईल. तिच्या व्याख्येनुसार दृष्टी तीन अंशांच्या आत किमान एक दशांश सेकंद टिकावी लागते. गोल्फमधील कुशल खेळाडूंत हा काळ दोन ते तीन सेकंदांपर्यंत आढळतो. नेमबाजी, व्हॉलीबॉल, हॉकी इ. खेळांतही पुढे याच स्वरूपाचे निष्कर्ष निघाले.

दडपणाचा परिणाम : भावनिक उद्दीपन वाढले की अवधानाचे क्षेत्र आकुंचित होते, हा विचार जे. ए. ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडला. मायकेल आयझेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार चिंतेमुळे उद्दिष्टाकडे नेणारे अवधान दुर्बळ होते आणि भय वाटावयास लावणाऱ्या गोष्टी अवधान खेचून घेतात. फुटबॉलमधील पेनल्टीच्या प्रयोगांनी याला पुष्टी दिली. सुमारे ११ मी. अंतरावरून गोल करावयाचा असता चिंताग्रस्त खेळाडू गोलरक्षकाकडे लवकर व अधिक वेळ पाहू लागतात आणि त्यांचा चेंडूही गोलरक्षकाच्या जवळच जातो. बास्केटबॉलच्या मुक्तफेकीत दडपणाखाली स्थिरदृष्टीचा काळ घटतो व त्याबरोबर यशस्वी फेकीही घटतात, असे २००९ साली दिसून आले.

बाएथलॉन हा बर्फावरील खेळ या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. बर्फपट्ट्यांवरून वेगाने धावून आलेला स्पर्धक धापा टाकत असतानाच ५० मी. अंतरावरील पाच लक्ष्ये टिपतो. व्हिकर्स व मार्क विल्यम्स यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा निष्णात स्पर्धकांना निरनिराळ्या प्रमाणात शारीरिक श्रम देऊन, आधी कमी व नंतर अधिक मानसिक दडपणाखाली नेम धरावयास लावले. श्रम व दडपण कमाल पातळीवर असताना बहुतेकांचा नेम ढासळला. ज्यांनी लक्ष्यावरील अखेरची दृष्टी नेहमीपेक्षा लांबविली, त्यांचा मात्र टिकला. हृदयाचे ठोके आणि मनातील काळजी दोन्ही कायम असूनही कामगिरी सांभाळता येते, हे यावरून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील क्रीडापरंपरा : दृष्टीची कसोटी पाहणाऱ्या खेळांत महाराष्ट्राने मोठे यश मिळविले आहे. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. अंतिम फेरीत ३४-३४ अशी बरोबरी झाली, पहिली निर्णायक फेरीही बरोबरीत सुटली आणि दुसरीत त्या विजयी ठरल्या. जलद माऱ्याच्या या फेऱ्यांत प्रत्येक गोळीसाठी केवळ तीन सेकंद मिळतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन अवस्था प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. अखेरच्या उभ्या अवस्थेत ते पदकाच्या स्थानी चढले. या प्रकारातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०·४ मिमी. व्यासाचे असते.

धनुर्विद्येत २०२३ हे वर्ष संस्मरणीय ठरले. बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सातारा जिल्ह्यातील सतरा वर्षांच्या अदिती स्वामी १४९-१४७ असा, तर पूर्व विदर्भातील नागपूरचे ओजस देवतळे १५०-१४९ असा विजय मिळवून जगज्जेते झाले. दोघांचे शिक्षण साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे झाले. तेथील प्रबोधिनीचे नावही ‘दृष्टी’ असेच आहे. ५० मी. अंतरावरील ८ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात, प्रत्येकी वीस सेकंदांच्या मुदतीत, सलग पंधरा बाण सोडून देवतळे यांनी एकही गुण गमावला नाही. प्रतिस्पर्धी केवळ एका गुणाने मागे असता प्रत्येक बाणापूर्वी गुणफलकाकडे ओढ घेणारे मन लक्ष्यावर परत आणावे लागते, यातच या खेळाचे मर्म आहे.

कबड्डीत प्रश्न निराळा असतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या धानपट्ट्यात हा गावोगावचा खेळ आहे. चढाई करणाऱ्यासमोर सात क्षेत्ररक्षक अर्धवर्तुळात उभे असतात व वेळ तीस सेकंदांचा असतो. एकाच खेळाडूवर दृष्टी खिळली, तर कोपऱ्यातील गडी त्याच्या पायावर झेप घेतो; म्हणून मध्यभागी दृष्टी ठेवून दोन्ही कोपरे कडेच्या दृष्टीने राखावे लागतात. नेमबाजाने अवधान एका बिंदूवर आणावयाचे, तर चढाई करणाऱ्याने ते पसरावयाचे. दृष्टिनियंत्रण म्हणजे केवळ टक लावून पाहणे नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

प्रशिक्षण व मर्यादा : दृष्टिप्रशिक्षणात खेळाडूस त्याच्या व निष्णात खेळाडूच्या दृष्टीची चित्रफीत दाखवून लक्ष्य, वेळ व क्रम समजावून देतात. सॅम्युएल व्हाइन व मार्क विल्सन यांच्या गोल्फ आणि बास्केटबॉलमधील प्रयोगांत असे शिक्षण घेतलेल्या नवशिक्यांची कामगिरी दडपणाखालीही टिकून राहिली. तथापि दीर्घ स्थिरदृष्टी हे कौशल्याचे कारण की परिणाम, यावर संशोधकांत मतभेद आहेत. तिच्यामुळे मेंदूस हालचालीची आखणी करण्यास वेळ मिळतो, असे काहींचे म्हणणे आहे. तर ती विचलित करणाऱ्या विचारांना दूर ठेवते, असे इतर मानतात. तसेच दृष्टी शरीराच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही. असे असले, तरी या संशोधनाचे सामाजिक मूल्य मोठे आहे. मोक्याच्या क्षणी डगमगणाऱ्या मुलास ‘कच्च्या दिलाचा’ ठरवून बाजूला करण्याची रीत यामुळे सदोष ठरते. त्याला धीर धरण्यास सांगण्याऐवजी कोठे पाहावे हे शिकविता येते. निष्णातांच्या दृष्टीचे मोजमाप करण्यास खर्चिक उपकरणे लागतात. परंतु त्यातून निघालेला धडा तालुक्याच्या मैदानावरील शिक्षकासही देता येण्याजोगा आहे.