वाइनची वही

१० एप्रिल १६६३. इंग्लंडच्या आरमार खात्यातला अधिकारी सॅम्युअल पीप्स त्या दिवशी लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरील ‘रॉयल ओक’ या मद्यालयात गेला. तिथे त्याने एक फ्रेंच वाइन प्यायली. तिची चव चांगली होती आणि पूर्वी कधी न चाखलेली होती, असे त्याने रोजनिशीत लिहिले. वाइनचे नाव मात्र त्याने कानाला आले तसे ‘हो ब्रायन’ असे टिपले. ती बोर्दोची ओ-ब्रियाँ होती. एका विशिष्ट मळ्याच्या वाइनबद्दल पिणाऱ्याने केलेल्या अगदी जुन्या नोंदींत ही नोंद मोडते.

चव ही मोठी नाशवंत गोष्ट. बाटली संपली की तिचा पुरावाही संपतो. म्हणून वाइनच्या इतिहासात पिंपाइतकेच वहीलाही महत्त्व आहे. प्रश्न एवढाच, की वही कोणाची आणि ती कशासाठी लिहिलेली?

थॉमस जेफरसनची वही स्वतःसाठी होती. अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्ये असताना, मे १७८७ मध्ये तो बोर्दोला गेला. तिथल्या मळ्यांची प्रतवारी त्याने लिहून ठेवली आणि पहिल्या प्रतीत चार नावे घातली : मार्गो, लातूर, ओ-ब्रियाँ आणि लाफीत. (यातल्या ‘लातूर’चा आपल्या लातूरशी संबंध नाही.) भेसळीची धास्ती असल्याने माल मधल्या व्यापाऱ्याकडून न घेता थेट मळ्यातून मागवण्यावर त्याचा कटाक्ष असे. खर्चाच्या नोंदी तर त्याने जवळजवळ साठ वर्षे, मरेपर्यंत ठेवल्या.

दुसरी वही दलालांची. १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा बोर्दोच्या व्यापारी मंडळाने शहरातल्या वाइनच्या दलालांकडे प्रतवारीची यादी मागितली. १८ एप्रिलला यादी तयार झाली. दलालांनी त्यासाठी नव्याने चवी घेत बसण्यापेक्षा मळ्यांना वर्षानुवर्षे मिळालेले भाव प्रमाण मानले. लाल वाइनच्या पाच प्रती ठरल्या. पहिल्या प्रतीत जेफरसनचीच चार नावे आली. यात नवल नाही. तोही बाजारातला लौकिकच टिपत होता. नंतर पहिल्या प्रतीत एकच भर पडली, १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्डची.

साहित्याच्या वाचकांना जवळची वाटेल अशी तिसरी वही जॉर्ज सेंट्सबरी यांची. एडिनबरो विद्यापीठातले इंग्रजी साहित्याचे हे प्राध्यापक आपल्या तळघरातल्या बाटल्यांची नोंद ठेवत. त्या आधारे १९२० मध्ये त्यांनी ‘नोट्स ऑन अ सेलर-बुक’ हे पुस्तक काढले. आठवणी सांगता सांगता वाइनवर बोलणारे हे पुस्तक पुढच्या लेखकांना वळण देऊन गेले.

मग गुणांचा जमाना आला. १९७८ मध्ये मेरीलँडमधील वकील रॉबर्ट पार्कर यांनी ‘द वाइन अ‍ॅडव्होकेट’ हे वार्तापत्र सुरू केले. त्यात जाहिराती नसत आणि वाइनला ५० ते १०० या मापात गुण दिले जात. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ही पद्धत ग्राहकाला चटकन कळली. पुढे पार्करांच्या गुणांवर भाव हलू लागले. एका माणसाची जीभ बाजाराचे माप झाली.

त्या मापाला उत्तर दिले ते सामान्य पिणाऱ्यांच्या सामायिक वहीने. मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या एरिक लव्हाइन यांनी २००३ मध्ये आपला साठा मोजण्यासाठी एक संगणकीय व्यवस्था रचली. तीच पुढे ‘सेलरट्रॅकर’ म्हणून सर्वांना खुली झाली. २०१० मध्ये डेन्मार्कमध्ये ‘विव्हिनो’ आले. लेबलचा फोटो काढला की इतरांचे मत समोर. नाशिकच्या एखाद्या वायनरीत चव घेणारा पर्यटक मोबाइल पुढे करतो, तेव्हा तोही पीप्सच्याच सवयीचा वारसदार असतो.

पण मते वाढली म्हणून खात्री वाढते का? ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावात १७८७ सालची लाफीतची म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. काचेवर जेफरसनची आद्याक्षरे कोरलेली होती. पॅरिसमधल्या एका बंद तळघरात अशा बाटल्या सापडल्याचे विक्रेता हार्डी रोडनस्टॉक सांगत असे. जागा मात्र त्याने कधी सांगितली नाही. जाणकारांनी कौतुक केले. मॉन्टिचेलो येथील जेफरसनच्या घराच्या अभ्यासकांनी मात्र वह्या उघडल्या. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाच्या कागदांत या बाटल्यांचा माग लागेना. त्याच साठ्यातल्या चार बाटल्या घेणारे उद्योगपती बिल कोक यांनी पुढे तपास करवला, तेव्हा ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरली असल्याचा निष्कर्ष त्यांच्या तज्ज्ञांनी काढला.

२००८ मध्ये न्यूयॉर्कला तेच घडले. रुडी कुर्नियावान याने लिलावाला दिलेल्या बाटल्यांत पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनीच्या १९४५ पासूनच्या बाटल्या होत्या. लोराँ पोन्सो स्वतः तिथे जाऊन थडकले. त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला १९८० च्या दशकात सुरुवात केली होती. त्या बाटल्या मागे घ्याव्या लागल्या. २०१३ मध्ये कुर्नियावान दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

दोन्ही वेळा अनेक अनुभवी जिभा फसल्या. फसली नाही ती वही. तीही कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती. मोबाइलवर पाच चांदण्या देणे सोपे आहे. पण कधी, कुठे, कोणाकडून घेतली आणि खरेच कशी लागली, एवढे चार शब्द प्रामाणिकपणे लिहिणे हे आजही खऱ्या रसिकाचे काम आहे. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.