फायबरग्लास मोटरबोटीची दुरुस्ती
जुन्या फायबरग्लास बोटीचे बाहेरचे कवच सहसा टिकते; कुजते ते आतले लाकूड. १९६०–७०च्या दशकांतील अनेक अमेरिकी बोटींत इंजिन पेलणाऱ्या मागच्या भिंतीत (ट्रान्सम) प्लायवूड असे. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपते आणि वर्षानुवर्षे आतच मुरते. हातोडीने ठोकल्यास कोरडे लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. बारीक भोक पाडले की कॉफीच्या रंगाचे पाणी ओघळते.

मग आतला थर कापून कुजके लाकूड खरवडतात, नवे मरीन प्लायवूड इपॉक्सीने चिकटवतात आणि वर काचकापडाचे थर चढवतात. जोडाची कड जाडीच्या सुमारे बारापट रुंद उतरती घासावी. घाई नेमकी इथेच नडते. बोटीच्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सीची पकड नव्या पॉलिएस्टरपेक्षा चांगली, त्यामुळे इथे काटकसर करू नये. बोल्टची भोके आधी मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, पुन्हा मापाची पाडल्यास पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

इंजिन बदलताना वजन आधी पाहावे. चार-स्ट्रोक इंजिन तेवढ्याच शक्तीच्या जुन्या दोन-स्ट्रोकपेक्षा बहुधा जड असते. त्याने बोट मागे दबते.