पुरुषांना रात्री झोपेत घाम येणे: कारणे आणि उपाय

"डॉक्टर, रोज रात्री यांचं बनियन बदलावं लागतं." ही तक्रार बहुतेक वेळा पत्नीच सांगते. पेशंट स्वतः 'उकाडा असेल' म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतो.

नेमका कोणता घाम काळजीचा?

पंखा बंद असणे, जाड पांघरूण, झोपण्यापूर्वी मद्यपान किंवा खूप तिखट जेवण यामुळे घाम आला तर तो आजार नाही. पण खोली थंड असूनही कपडे, चादर भिजेल इतका दरदरून घाम वारंवार येत असेल, तर कारण शोधायला हवे.

संभाव्य कारणे

क्षयरोग (टीबी): आपल्याकडे हा विचार सर्वांत आधी करावा लागतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप, भूक मंदावणे आणि वजन घटणे ही सोबतची लक्षणे. मात्र टीबी फुप्फुसाबाहेरही होतो, त्यामुळे खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असे समजू नका.

रक्तातील साखर कमी होणे: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना रात्री कमी जेवल्यास साखर उतरून घाम येतो. सोबत थरथर, धडधड, वाईट स्वप्ने, सकाळी डोकेदुखी असू शकते.

औषधे: नैराश्यावरील काही गोळ्या (उदा. सर्ट्रालिन, व्हेनलाफॅक्सिन), स्टेरॉइड, तसेच प्रोस्टेट कॅन्सरसाठी दिली जाणारी हार्मोनची इंजेक्शने.

थायरॉइड वाढणे: भूक चांगली असूनही वजन घटणे, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे.

झोपेत श्वास अडकणे (स्लीप ॲप्निया): मोठ्याने घोरणे, मध्येच दचकून उठणे, दिवसा पेंग येणे.

इतर: मानसिक ताण, ॲसिडिटी, नियमित मद्यपान अचानक सोडणे, एचआयव्ही, टेस्टोस्टेरॉन खूप कमी होणे. क्वचित लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. यात मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ येऊ शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- घाम दोन आठवड्यांहून अधिक काळ येत असल्यास
- ताप, खोकला किंवा थुंकीतून रक्त असल्यास
- प्रयत्न न करता वजन घटल्यास
- शरीरावर कुठेही गाठ जाणवल्यास

ताबडतोब हॉस्पिटल गाठा: घामासोबत छातीत दुखणे किंवा जड वाटणे, दम लागणे, घेरी येणे ही हार्ट अटॅकची लक्षणे असू शकतात. सकाळची वाट पाहू नका, १०८ वर फोन करा.

कोणत्या तपासण्या?

साधारणपणे सीबीसी, ईएसआर, साखर, टीएसएच, एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे यांपासून सुरुवात होते. गरजेनुसार थुंकीची तपासणी, गाठीची बायोप्सी किंवा झोपेची तपासणी केली जाते. टीबीची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नेहमीचा टीबी साधारण सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो.

घरी काय करावे?

- आठवडाभर नोंद ठेवा: घाम किती वाजता आला, थर्मामीटरवर ताप किती, वजन किती.
- मधुमेह असल्यास घाम येताच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ७० पेक्षा कमी असल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेशंट बेशुद्ध असल्यास तोंडातून काहीही देऊ नका, हॉस्पिटलमध्ये न्या.
- चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा.
- मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. काही अँटिबायोटिकांनी टीबीची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते.
- रोज दारू घेत असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडा.

रात्रीच्या घामामागे बऱ्याचदा साधे कारण निघते आणि गंभीर कारणांवरही उपचार आहेत. ते वेळेत सुरू व्हावेत, यासाठी पेशंट टाळाटाळ करत असेल तर घरच्यांनीच त्याला दवाखान्यात घेऊन यावे.