घाटात बंद पडलेली फियाट आणि मेस्त्रीचं निदान

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा करत बेल्ह्याला येतो आणि पुढे आण्याच्या बाजूने नगरकडे जातो. अशा रस्त्यावर जुन्या फियाटचा खरा कस चढावर लागे. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, आत दाटीवाटीने बसलेलं कुटुंब आणि टपावर सामान. गाडी मध्येच बसली की रस्त्याकडेचा मेस्त्री ती चालू करून देई, आणि लोक त्याला ‘जुगाड’ म्हणून मोकळे होत. हा त्या कारागिरावर अन्याय आहे. तो अंदाजाने ठोकाठोकी करत नव्हता. एकेक शक्यता क्रमाने खोडून काढत तो दोषापर्यंत पोहोचत होता.

पुरावा त्याच्या कामातच आहे. चढावर तापून बंद पडलेली गाडी थोड्या वेळाने आपोआप चालू होते, याची निदान दोन कारणं असू शकतात. एक तर इंजिनाला लागून असलेला पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि नळीतला पुरवठा तुटतो. नाहीतर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. गाडी गार झाली की दोन्ही दोष लपतात. म्हणून जाणता मेस्त्री ती गार होण्याआधीच प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरी आणि सेल्फ मारायला सांगे. ठिणगी निळी, जाड पडली की करंट ठीक, मग पंपावर ओलं फडकं. पिवळट, बारीक पडली की मोर्चा डिस्ट्रिब्युटरकडे. तिथे पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजलेली असली, तर फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगीही उशिरा पडते. अशी गाडी ओढत नाही आणि तापते, त्यामुळे मालकाचा संशय विनाकारण रेडिएटरवर जातो. जुळवणीचा क्रमही ठरलेला: आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. फट बदलली की टायमिंग सरकतं, टायमिंग सरकलं की कार्बोरेटरची जुळवणी फुकट जाते. बेल्ह्याच्या बैलबाजारात घेणारा दात, खूर पाहतो आणि बैल चालवून बघतो, विकणाऱ्याच्या बोलण्यावर जात नाही. ही पारख त्याच जातीची.

हे ज्ञान साठलं कसं, याचं उत्तर मुंबईत सापडतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये तिथे मोटारी जोडायला सुरुवात केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे सरकारने देशातच सुटे भाग बनवण्याचा आग्रह धरला, तेव्हा परदेशी जोडणी कंपन्या निघून गेल्या आणि प्रीमियरची कुर्ल्यात बनणारी फियाट टिकली. इटलीत १९६२ मध्ये आलेला ११०० डी हाच नमुना इथे पद्मिनी या नावाने शतक संपेपर्यंत चालला. एकच यंत्र तीन दशकं हाताखालून गेलं, म्हणून त्याचा प्रत्येक दोष उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे पोहोचला.

यावर कोणी म्हणेल की ही परवाना-राजची देणगी, गिऱ्हाइकाला पर्याय नव्हता म्हणून मेस्त्री मोठा झाला. पर्याय नव्हता हे खरंच, आणि त्यात गिऱ्हाइकाचं नुकसान झालं हेही खरं. पण टंचाईतून फक्त गरज निर्माण होते. निदानाचा क्रम माणसालाच बसवावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कानाने इंजिन एकसारखं चालतंय का ते कळतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. गाडीने उचल घ्यावी म्हणून मिश्रणात पेट्रोल वाढवून ठेवलं जाई. त्याची किंमत मालकाच्या खिशाने आणि शहराच्या हवेने मोजली. हा दोष मान्य करायलाच हवा. तो मोजण्याच्या साधनाचा होता, विचाराच्या रीतीचा नव्हता. धूर मोजण्याचं यंत्र मिळालं असतं, तर त्याच क्रमात तेही बसलं असतं.

मग ही विद्या मागे का पडली? ती चुकीची ठरली म्हणून नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, २००० पासून देशभर नव्या मोटारींना उत्सर्जनाचे कडक निकष लागले, पॉइंट आणि कार्बोरेटर दोन्ही गेले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आज जपलेल्या काही पद्मिनींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. त्यांत पॉइंट झिजण्याचा प्रश्नच उरत नाही. पंप मात्र अजून इंजिनालाच चिकटलेला आहे, त्यामुळे चढावर पेट्रोलची वाफ आजही होते, आणि ठिणगी आधी तपासायची हे माहीत असलेला माणूस त्या गाडीला आजही लागतो.