गंगाराम कांबळे यांचें चहाचें दुकान

न्याय कागदावर उतरला म्हणजे तो बाजारांत पोंचतोच असें नाहीं. शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखल्या. १९१८ सालीं महार वतनें रद्द करून जमिनी रयतावा केल्या. तुटपुंज्या वतनापायीं सबंध घराला राबविणारी वेठ सुटली. पण अस्पृश्य म्हणून हिणविलेल्या माणसानें दुकान थाटलें, तर गिऱ्हाईक कोठून यावें?

गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान काढलें, तेव्हां हाच प्रश्न उभा राहिला. सवर्ण तिकडे फिरकेनात. मग महाराज स्वतः तेथें थांबून चहा घेऊं लागले आणि बरोबरच्या मंडळींसही पाजूं लागले. दुकानाला भांडवलाहून मोलाची अशी पत लाभली.

पुढें १९३० नंतरच्या दशकांत शिकागो व न्यूयॉर्क येथील कृष्णवर्णीयांनीं, जेथें आपणांस नोकरी नाहीं तेथें आपली खरेदी नाहीं, असा निर्धार केला. दोहोंचें मर्म एकच. पैशाला विटाळ नाहीं. मग तो घेणाऱ्या हाताला कां असावा?

महाराज १९२२ सालीं निवर्तले. राजाश्रय राजाबरोबर जातो. गिऱ्हाइकाचा विवेक मात्र ज्याच्या त्यानें रोज दाखवावयाचा असतो.