ऑनबोर्डिंग, कोड एडिटर एक्स्टेन्शनचे

कोड एडिटरमध्ये नवे एक्स्टेन्शन बसवल्यापासून त्याचा पहिला खरा उपयोग वापरकर्त्याला स्वतःच्या फाइलमध्ये होईपर्यंतचा टप्पा, तसेच हा टप्पा सुकर व्हावा म्हणून एक्स्टेन्शनच्या कर्त्याने केलेली योजना, या दोहोंना ऑनबोर्डिंग म्हणतात. एक्स्टेन्शन म्हणजे मूळ एडिटरला हात न लावता त्यात एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेची जाण, चुकांची तपासणी किंवा बाहेरच्या सेवेशी जोडणी यांची भर घालणारा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2015 मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजेच व्हीएस कोड, हा एडिटर जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा सोर्स कोड खुला करताना एक्स्टेन्शनची सोयही दिली. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः या एडिटरमधील आहेत.

एडिटर शिकवण्याची परंपरा याहून बरीच जुनी आहे. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि मग टी दाबल्यावर उघडणारा पाठ काय किंवा विमसोबत येणारा विमट्यूटर काय, दोन्हींत पाठाचा मजकूर हाच शिकणाऱ्याने बदलायचा मजकूर असतो, त्यामुळे वाचणे आणि करून पाहणे यांत अंतर पडत नाही. या पद्धतीमागील तत्त्व जॉन कॅरोल यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात 1980 च्या दशकात केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. वर्ड प्रोसेसर शिकणारी माणसे पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, हातातले काम उरकण्यासाठी ती थेट यंत्राला भिडतात आणि अडल्यावरच मदत शोधतात, असे त्यांना आढळले. मेरी बेथ रॉसन यांच्यासह त्यांनी 1987 मध्ये या वृत्तीचे विवेचन केले आणि 1990 च्या ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या ग्रंथात, शिकवणीचा मजकूर कमीत कमी ठेवून शिकणाऱ्याला लवकरात लवकर खऱ्या कामाला लावावे, हा विचार सविस्तर मांडला. एक्स्टेन्शन बसवणारा माणूस तर जवळजवळ नेहमीच दुसऱ्याच कामाच्या मध्यावर असतो, म्हणून हा विचार येथे विशेष लागू पडतो.

पहिला वापर फसतो तो बहुधा माहिती अपुरी पडल्यामुळे फसत नाही. एक्स्टेन्शन ज्या बाह्य साधनावर उभे असते ते साधन त्याला सापडत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण असते. पायथनच्या एक्स्टेन्शनसोबत पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, येत नाही. गो भाषेच्या एक्स्टेन्शनला गोची साधने आणि गोप्लीज हा भाषासर्व्हर, म्हणजे एडिटरला भाषेची जाण पुरवणारा स्वतंत्र प्रोग्रॅम, लागतो. सी++साठीच्या क्लँगडी या भाषासर्व्हरला प्रकल्पातील फाइली कोणत्या पर्यायांनिशी कंपाइल होतात हे सांगणारी यादी मिळाली नाही, तर तो सुस्थितीतल्या कोडखालीही लाल रेघा ओढतो. यातील एक प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. विंडोजवर एडिटर उघडा असताना वापरकर्ता गो बसवतो आणि इन्स्टॉलर ‘पाथ’मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधावेत याच्या यादीत, नवी नोंद करतो, परंतु आधीपासून चालू असलेल्या एडिटरजवळ जुनीच यादी असल्यामुळे ‘गो सापडत नाही’ हा संदेश कायम राहतो आणि सूचना तंतोतंत पाळलेल्या नवख्याला आपलेच काही चुकले असे वाटू लागते. एडिटरच्या सर्व खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडला की प्रश्न सुटतो, पण हे वाक्य त्या संदेशातच असले पाहिजे. विंडोज 10 व 11 मध्ये पायथन बसवलेले नसताना ‘पायथन’ ही आज्ञा दिल्यास मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे पान उघडू शकते, त्यामुळे त्या नावाची फाइल सापडली एवढ्यावरून पायथन आहे असे मानणारी तपासणीही फसते. नीट लिहिलेला त्रुटीसंदेश काय शोधले, कोठे शोधले आणि आता कोणते बटण दाबावे हे सांगतो. ऑनबोर्डिंगमधील सर्वांत मोलाचा मजकूर हाच होय, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत घाईत लिहिला जातो.

व्हीएस कोडने यासाठी काही ठरीव जागा दिल्या आहेत. त्यांपैकी वॉकथ्रू, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली आणि एक्स्टेन्शन बसवताच उघडू शकणारी मार्गदर्शिका, 2021 मध्ये आली. तिच्यातील प्रत्येक पायरीला शीर्षक, वर्णन, चित्र आणि पूर्ततेची खूण असते. ही खूण एखादी आज्ञा चालल्यावर, सेटिंग बदलल्यावर किंवा एखादी अट खरी झाल्यावर आपोआप पडावी अशी व्यवस्था करता येते. कर्त्याने तसे काही नमूद केले नाही तर नुसते बटण दाबल्यावरही पायरी पूर्ण समजली जाते, आणि मग इंटरप्रिटर न निवडताच ‘इंटरप्रिटर निवडा’ या पायरीसमोर टिकमार्क दिसतो. म्हणून पूर्ततेची अट प्रत्यक्ष स्थितीला बांधणे हे कर्त्याचे कर्तव्यच ठरते. वेलकम व्ह्यू ही दुसरी जागा अधिक संयत आहे: रिकाम्या पॅनेलमध्ये एकदोन वाक्ये आणि बटणे दाखवायची, जशी फोल्डर उघडलेले नसताना सोर्स कंट्रोलच्या पॅनेलमध्ये फोल्डर उघडण्याची वा रिपॉझिटरी क्लोन करण्याची बटणे दिसतात. वापरकर्ता तेथे आपणहून आलेला असल्याने अशा मदतीने व्यत्यय येत नाही. कोपऱ्यात उमटणाऱ्या नोटिफिकेशनचे तसे नाही. ते काम अडलेले असतानाच द्यावे आणि त्यात ‘पुन्हा दाखवू नका’ हा पर्याय असावा. एक्स्टेन्शन केव्हा जागे व्हावे हेही कर्ता ठरवू शकतो, आणि एडिटर सुरू होताच जागे होण्याऐवजी संबंधित भाषेची फाइल उघडल्यावर जागे होणारे एक्स्टेन्शन एडिटरचा वेग राखते, शिवाय गरज असेल तेव्हाच बोलते.

वापरकर्त्याने काय पाहिले याची नोंद एक्स्टेन्शनला आपल्या साठ्यात ठेवता येते आणि सेटिंग्ज सिंक चालू असल्यास तिचे निवडक भाग दुसऱ्या संगणकावरही नेता येतात. ‘परिचय पाहून झाला’ ही नोंद अशी नेणे योग्य आहे, परंतु ‘साधने बसवून झाली’ ही नोंद त्या त्या संगणकापुरतीच ठेवावी लागते, कारण नव्या संगणकावर ती साधने नसूही शकतात. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय), कंटेनर किंवा एसएसएचमार्फत दूरच्या संगणकावर काम चालू असताना भाषेची एक्स्टेन्शने सहसा पलीकडच्या बाजूला चालतात, म्हणून साधनांचा शोधही तेथेच घ्यावा लागतो आणि तो तेथे घेतला जात आहे हे वापरकर्त्याला सांगावे लागते. 2021 पासूनच्या वर्कस्पेस ट्रस्ट या व्यवस्थेत, विश्वास न दिलेल्या फोल्डरात एक्स्टेन्शन पूर्ण वा अंशतः बंद राहू शकते. तेथे मौन पाळल्यास एक्स्टेन्शन बिघडले आहे असा ग्रह होतो.

या त्रुटी कर्त्याला स्वतःच्या संगणकावर दिसत नाहीत, कारण तेथे इंटरप्रिटर, भाषासर्व्हर आणि सेटिंग्ज केव्हाच जागच्या जागी असतात. त्यामुळे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शने यांसाठी वेगळी, रिकामी फोल्डरे देऊन एडिटर सुरू करणे ही तपासणीची पहिली पायरी होय. परंतु त्याने संगणकावरील बाह्य साधने नाहीशी होत नसल्याने, नुकतीच ऑपरेटिंग सिस्टिम चढवलेल्या व्हर्च्युअल मशीनवर, ते एक्स्टेन्शन पूर्वी कधीही न वापरलेल्या व्यक्तीला बसवून आणि तिला काहीही न सुचवता केलेले निरीक्षण अधिक विश्वसनीय असते. अशा वेळी वॉकथ्रूच्या किती पायऱ्या पूर्ण झाल्या याची मोजदाद गौण ठरते. एक्स्टेन्शन बसवल्यापासून त्या व्यक्तीच्या स्वतःच्या फाइलमध्ये पहिली अचूक सूचना किंवा पहिली खरी चूक दाखवली जाईपर्यंत किती वेळ गेला आणि मध्ये तिला एडिटर सोडून ब्राउझरमध्ये उत्तर शोधायला कितीदा जावे लागले, हे टिपून ठेवावे लागते.